पाचवी सीडी कोरी

पुतण्या ‘बाल्डर्स गेट ३’ खेळतो. २०२३ साली आलेला, दीडशे जीबी जागा मागणारा गेम. त्याला मी मोठ्या हौसेनं १९९८चा पहिला ‘बाल्डर्स गेट’ लावून दिला. थोडा वेळ बघून म्हणतो, “काका, यात नुसतं वाचतच बसायचं का?” मला ते अजून झोंबतं.

आम्ही हा गेम कसा मिळवला, हे त्याला काय सांगणार! नेरळला तेव्हा असलं काही मिळायचं नाही. लोकल पकडायची, दादरला बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोडचा फुटपाथ. ओरिजिनल घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून पाच सीड्यांचा डुप्लिकेट सेट घासाघीस करून घेतला. हार्ड डिस्कवर जागा नव्हती, त्यामुळे निम्मा गेम सीडीवरच. एके रात्री गेमनं पाचवी सीडी मागितली. घातली, तर ड्राइव्ह नुसता घुरघुरतोय. सीडी कोरी! वर मार्करनं ‘५’ मात्र सुबक काढलेला.

पुन्हा मुंबई. विक्रेता म्हणाला, “माझ्याकडूनच घेतली कशावरून? बिल दाखव.” फुटपाथवर बिल! मी सेटचं पाकीट दाखवलं, शेजारच्याला साक्षीला बोलावलं. तो शेजारीही तेच विकणारा. तो कशाला बोलतोय? शेवटी विक्रेता “नवीन सेट घे, दहा रुपये कमी करतो,” म्हणाला, तेही उपकार केल्यासारखं. माझं जाण्यायेण्याचं तिकीटच त्याहून जास्त. तसाच परतलो.

तरीही म्हणेन, त्या काळच्या गेमनी डोकं चालवायला लावलं. २००२च्या ‘मॉरोविंड’मध्ये कुठं जायचं ते माणसांना विचारायचं, डायरीत वाचायचं, ओढा नि टेकडी बघत वाट काढायची. चार वर्षांनी त्याच मालिकेतला ‘ऑब्लिव्हियन’ आला आणि होकायंत्रावर खूण दिसू लागली. खुणेमागे चालत सुटायचं, यात कसला शोध?

पण परवा पहिल्या ‘बाल्डर्स गेट’ची २०१२ची सुधारित आवृत्ती घेऊन बसलो. फ्रेंडली आर्म सराईच्या पायऱ्यांवर मारेकरी उभा असतो. माझा पहिल्या लेव्हलचा जादूगार मंत्र पुरा होण्याआधीच गार. लोड केलं, पुन्हा गार. पूर्वी याला आम्ही आव्हान म्हणायचो. आता वैताग आला. पुतण्याच्या गेममध्ये फासा चुकीचा पडला तरी गोष्ट बहुतेक वेळा दुसऱ्या वाटेनं पुढं जाते. ते सरस आहे, मान्य करायला जड जातं इतकंच.

आमच्या पिढीतले कितीतरी जण ज्या गेमचे गोडवे गातात, त्याचा शेवट त्यांनी पाहिलेलाच नाही. कोणाची सीडी अडकली, कोणाचं सेव्ह भारनियमनात गेलं. तेव्हा कोणी ‘जुने गेम ते जुने गेम’ सुरू केलं, तर एवढंच विचारा: पहिल्या ‘बाल्डर्स गेट’चा खलनायक सारेव्होक शेवटी कुठं गाठावा लागतो? उत्तर आलं, तरच पुढचं ऐका.