साठ रुपयांचं टर्मिनल

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विभागाला लेख देणार म्हटल्यावर माझी रूममेट पोट धरून हसली. ‘आधी अडतीस म्हणजे किती ते सांग,’ म्हणाली. तेव्हा काही चुकलं-माकलं तर वाचकांनी पोटात घालावं.

आमचं गाव ताडकळस, तालुका पूर्णा, जिल्हा परभणी. हॉस्टेलवर कुणी गाव विचारलं की मी नुसतं ‘परभणी’ सांगून मोकळी व्हायचे. त्यावर ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हे कुणीतरी ऐकवणारच! आपण हसून सोडून द्यायचं. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत या म्हणीतलं ‘बनी’ म्हणजे काय ते मला माझ्याच गावात बघायला मिळालं.

पप्पांची एक जुनी व्हॅन आहे. शाळा चालू असली की पोरांची ने-आण, सुट्टीत लग्नाचं, दवाखान्याचं भाडं. त्या व्हॅनवरच आमचं घर चालतं आणि माझं इंजिनिअरिंगसुद्धा. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी सकाळी पप्पांनी चावी फिरवली. आतून नुसता ‘टक्’ आवाज आला. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक्’. दुसऱ्या दिवशी पहाटेचं नांदेडचं भाडं ठरलेलं होतं आणि त्याचे पैसेही घेतलेले होते.

पप्पा म्हणाले, “बघ गं जरा, तू इंजिनिअर हायेस ना?”

झालं! बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये ८४ मार्क असलेली मी माझा मल्टिमीटर घेऊन धावले. सीटखालची बॅटरी तपासली. १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. मग गाडी चालू का होत नाही? नीट पाहिलं तर अधिकच्या खांबावर पांढरी-हिरवी भुकटी साचली होती. केबलच्या टोकाचं टर्मिनल चिरलं होतं. खांबही झिजून बारीक झाला होता. बोल्ट पुरा आवळला तरी टर्मिनल हातानं गोल फिरत होतं.

मी लगेच निदान केलं, “पप्पा, ओरिजिनल केबलच टाकावी लागेल. जुगाड नको. आणि खांब गेलाय, म्हणजे बॅटरीपण नवीन घ्या.” ओरिजिनल टर्मिनल सुटं मिळत नाही, स्टार्टरपर्यंतची अख्खी केबल घ्यावी लागते. पप्पांनी फोनवर भाव विचारला. बॅटरी धरून आकडा काही हजारांत गेला. पप्पा काही बोलले नाहीत. आत गेले आणि कपाटातून एक पाकीट घेऊन आले. पाकिटावर त्यांच्या अक्षरात माझं नाव आणि पुढे ‘सेमिस्टर’ असं लिहिलेलं होतं.

माझ्या घशात काहीतरी अडकलं. ‘ओरिजिनलच टाका’ हे मी किती सहज बोलून गेले होते! मी म्हणाले, “थांबा पप्पा. आधी चाचांना दाखवू.”

चाचा म्हणजे आमच्याकडचे बॅटरीवाले. कितवी शिकलेत ते कधी विचारलं नाही, पण रस्त्यावरचा प्रत्येक ट्रॅक्टर त्यांच्या हाताखालून गेलेला. चाचा आले, उकिडवे बसले आणि मला म्हणाले, “बेटा, मीटर खांबावर लावलंस, बरोबर. आता एक सुई खांबावर ठेव, एक टर्मिनलवर. आन् पप्पाला चावी मारू दे.”

मी तसं केलं. चावी फिरली आणि आकडा शून्यावरून उडून पाच व्होल्टच्या वर गेला. माझी ट्यूब पेटली! करंट वाहत नसतो तेव्हा खराब जोडावर व्होल्टेज पडत नाही, म्हणून बॅटरी ठणठणीत दिसते. पण स्टार्टर शंभरेक अँपिअर ओढायला लागला की ०.०५ ओहमचा किरकोळ रोध ५ व्होल्ट गिळून टाकतो. व्ही इज इक्वल टू आय आर. हे समीकरण मी परीक्षेत शंभर वेळा लिहिलंय, त्याला गाडीत बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

मग चाचांचं काम सुरू झालं. आधी उणेची वायर सोडली, मग अधिकची. उलटं केलं आणि पाना चुकून बॉडीला टेकला, तर शॉर्ट होऊन ठिणग्या उडतात. जोडताना याच्या उलट, अधिक आधी आणि उणे शेवटी. पाण्यात खायचा सोडा कालवून त्यांनी खांबावर ओतला, तसा फेस फसफसून आला. भुकटीतल्या ॲसिडला सोडा मारतो. मात्र हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये. मग कोरड्या फडक्यानं पुसून पॉलिशपेपरनं खांब घासला. काळा पडलेला खांब चांदीसारखा दिसायला लागला.

केबलचं टोक कापलं तर आतली तांब्याची तार हिरवी-काळी. चाचा चकचकीत तार लागेपर्यंत, म्हणजे दोन इंच, मागे कापत गेले. केबलला झोळ होता म्हणून ती पुरली. तोवर मी दुकानातून साठ रुपयांचं शिशाचं टर्मिनल आणलं. त्यात शहाणपणा करून उणेचं आणलं, कारण त्याचं भोक लहान असतं आणि झिजलेल्या खांबावर ते घट्ट बसलं असतं. चाचांनी परत पाठवलं. “आज बसंल. उद्या बॅटरी बदलली की त्या खांबावर जाईल का?” अधिकचा खांब मुळात उणेपेक्षा जाड ठेवलेला असतो, तो वायरी उलटसुलट लागू नयेत म्हणूनच. हे मला पुस्तकातून कधी कळलं नव्हतं.

चाचा म्हणाले, “शिसं दे ती पट्टी.” मी बॅगेतली पेन्सिल शोधायला लागले! शिसं म्हणजे लेड, आणि पेन्सिलीत शिसं नसतंच, ग्रॅफाइट असतं, एवढं मला इंग्रजीत पाठ होतं. मराठीत मात्र मी ढ. पप्पा तीन दिवस हसत होते. तर ती शिशाची पातळ पट्टी खांबाभोवती एक वेढा घालून बसवली आणि वर नवं टर्मिनल आवळलं. शेवटी वरून ग्रीसचा हात फिरवला, म्हणजे हवा आणि ॲसिडची वाफ लागत नाही.

मी विचारलं, “चाचा, शिसं वितळवून खांबच जाड केला तर? ३२७ अंशाला वितळतं ते.” त्यांनी मान हलवली. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यात ज्योत नेली तर बॅटरी फुटते. त्यांच्या मनगटावर जुना डाग आहे, तो त्यांनी दाखवला. काम झाल्यावर साबणानं दोनदा हात धुतल्याशिवाय त्यांनी चहाला हात लावला नाही. शिसं पोटात जाणं वाईट, म्हणून नातवाला ते दुकानात बसू देत नाहीत.

चावी फिरली. गाडी एका दमात चालू! मीटर लावून ठेवला होताच. आकडा ०.१ व्होल्टच्याही खाली. टर्मिनल साठ आणि मजुरी शंभर, असे एकूण एकशे साठ रुपये. त्यातही चाचा म्हणाले, “मजुरी ऱ्हाऊ दे, पोरीनं मीटर धरला.” पप्पांनी ते ऐकलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मित्रांनो, ओरिजिनल पार्ट वाईट असतो असं मला म्हणायचं नाही. बॅटरी आतून गेली असती, १२ व्होल्टही दाखवत नसती, तर चाचांनीही नवीनच घ्यायला सांगितलं असतं, आणि जुनी विक्रेत्याकडे परत द्यायला. कुठेही फेकायला नाही. गास्तों प्लांते या फ्रेंच माणसानं १८५९ साली शिशाची ही बॅटरी बनवली, तिचं शिसं आजही वितळवून पुन्हा वापरता येतं. माझं म्हणणं एवढंच, की नेमकं काय बिघडलंय ते मोजल्याशिवाय ‘बदलून टाका’ म्हणू नये. त्या दिवशी मी मोजायच्या आधी बोलले आणि पप्पांनी माझ्या शब्दावर पाकीट काढलं. मुलगी इंजिनिअरिंगला आहे, ती चुकीचं कसं सांगेल?

दुसऱ्या दिवशी पहाटे व्हॅन नांदेडला गेली. पाकीट कपाटात परत गेलं आणि सुट्टी संपल्यावर माझ्या बॅगेत आलं. सेमिस्टरची फी मी त्याच पैशांतून भरली. रिकामं पाकीट अजून माझ्या मल्टिमीटरच्या डब्यात आहे.

आता हॉस्टेलवर कुणी गाव विचारलं, तर मी ताडकळस सांगते.