चेहरा गेलेली नाणी

समुद्रातून निघालेलं नाणं गोष्टीतल्या खजिन्यासारखं कधी चकाकत नाही. हाताला लागते ती एक काळी-हिरवी चकती. कधी तिच्यावर वाळू आणि गंज यांचं जाड कवच, तर कधी ती इतकी झिजलेली की कडेने बोट कापावं. इंग्लंडमध्ये केंटच्या किनाऱ्यावर, मार्गेटपासून डीलपर्यंत, मी मेटल डिटेक्टर घेऊन फिरतो. पण खरा वेळ जातो तो नंतर घरी टेबलाशी, ही चकती कोण हे हुडकण्यात.

माझं बालपण रत्नागिरीचं. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग हे गणित इथेही कामाला येतं. उधाणाच्या ओहोटीला पाणी लांबवर मागे सरतं आणि एरवी न दिसणारी पुळण उघडी पडते. त्याआधी पूर्वेचा वारा झोडपून गेला असेल तर उत्तमच, कारण वरची वाळू आणि गोटे ओढले जातात आणि जड वस्तू खालच्या थरावर उरतात. ओल्या खाऱ्या वाळूतून वीज वाहते, त्यामुळे साधं यंत्र तिथे उगाच कोकलत राहतं. म्हणून एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं यंत्र मी घेतलं. तरीही दिवसाची कमाई बहुतेक वेळा डब्यांच्या कड्या, शिशाची वजनं आणि एखाद-दुसरी चकती.

घरी आल्यावर पहिला मोह घासायचा. आमच्या घरी तांब्या-पितळेची भांडी चिंचेने लख्ख व्हायची आणि आईच्या मते या नाण्यांनाही तेवढंच हवं. नाण्याला मात्र ते मानवत नाही. समुद्राच्या पाण्यातलं क्लोराइड तांब्यात मुरतं आणि वर्षानुवर्षं धातूचे क्षार होत जातात. राजाचा चेहरा, अक्षरं, साल हा मूळ पृष्ठभाग पुष्कळदा त्या क्षारांच्या थरातच टिकून असतो. खालचा धातू सपाट झालेला असतो. चिंच किंवा लिंबू लावलं की गंज आणि चेहरा एकदमच वाहून जातात. म्हणून मी नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत घालतो, पाणी बदलत राहतो आणि मग सावकाश वाळवतो. वाळल्यावरही फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा उगवली, तर आतलं क्लोराइड अजून जागं आहे असं समजायचं आणि परत पाण्यात घालायचं.

चेहरा गेला तरी अंगकाठी राहते. 1860पासून ब्रिटिश पेनी काशाची झाली: व्यास सुमारे 31 मिलिमीटर, वजन 9.4 ग्रॅम. अर्धी पेनी बरोबर एक इंच रुंद आणि 5.7 ग्रॅमची, तर फार्दिंग 20 मिलिमीटर आणि 2.8 ग्रॅमचं. वजनावर फार विसंबता येत नाही, कारण समुद्र ते खातो. व्यास त्या मानाने इमानी. दोन्ही मिळून निदान कोण नाही एवढं तरी सांगतात. मग लोहचुंबक. 1992 पासूनच्या एक आणि दोन पेन्स नाण्यांत पोलाद असतं. ती गंजून फुगतात आणि हुबेहूब प्राचीन दिसतात, पण चुंबकाला चट्कन चिकटतात आणि सोंग उघडं पडतं. चांदीचीही तऱ्हा ठरलेली. 1920 मध्ये नाण्यांतली चांदी साडेब्याण्णव टक्क्यांवरून निम्म्यावर आली आणि 1947 पासून ती नाहीशीच झाली. निम्म्या चांदीची नाणी वाळूतून काळीठिक्कर निघतात.

त्यानंतर खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवा धरायचा. समोरून उजेड पाडला तर काहीच दिसत नाही. आडव्या उजेडात मात्र केसभर उंचवट्याचीही सावली पडते. साल वाचता येणं ही चैन झाली, मी आधी दोनच गोष्टी बघतो. चेहरा कुणीकडे वळलाय, आणि मागच्या बाजूला बसलेल्या ब्रिटानियाजवळ दीपगृह आहे का. व्हिक्टोरिया, पाचवा जॉर्ज आणि सहावा जॉर्ज डावीकडे बघतात, सातवा एडवर्ड आणि एलिझाबेथ उजवीकडे. काशाच्या पेनीवर दीपगृह 1894 पर्यंत होतं, 1895 मध्ये गेलं आणि 1937 मध्ये परत आलं. म्हणजे चेहरा उजवीकडे आणि दीपगृह नाही, तर तो सातवा एडवर्ड. उजवीकडे आणि दीपगृह आहे, तर एलिझाबेथ. डावीकडचा चेहरा आणि दीपगृह असं असेल तर व्हिक्टोरियाचा अंबाडा शोधायचा, तो नसेल तर सहावा जॉर्ज. एकही अक्षर न वाचता इथपर्यंत पोचता येतं. प्रत्येक नाण्याचं वेगळं पाकीट. त्यावर जागा, तारीख, व्यास, वजन आणि शेवटी नाव. खात्री नसेल तर नावाआधी ‘बहुधा’.

एका हिवाळ्यात वादळानंतर डीलच्या गोट्यांत एक चकती मिळाली. 30.5 मिलिमीटर, 8.7 ग्रॅम, कड साधी. 1860च्या आधीची तांब्याची पेनी 34 मिलिमीटरची आणि वजनाला जवळजवळ दुप्पट, म्हणजे ती नव्हे. त्या काळची अर्धी पेनी वजनाला जवळपास जमते, पण व्यासाला 28 भरते. ‘बहुधा पेनी’ लिहिण्याआधी टॉर्च धरला, तर जिथे डोकं असायला हवं तिथे ढाल निघाली आणि ढालीच्या दोन्ही अंगांना उभे सिंह. उलटल्यावर वळणदार रेघा, त्यांच्या वर सुटे ठिपके. ठिपक्यांवरून कळलं की लिपी फारसी असावी. खाली शेजारी शेजारी दोन फुल्या. फुल्या कसल्या, रोमन आकड्यांतले वीस!

हे ईस्ट इंडिया कंपनीचं 1808चं वीस कॅशचं नाणं होतं, मद्रास इलाख्यासाठी पाडलेलं. मॅथ्यू बोल्टनच्या बर्मिंगहॅममधल्या सोहो टांकसाळीत वाफेच्या यंत्रांवर ही नाणी बनली. आजोबांच्या डबीतल्या शिवराया हातोड्याने ठोकलेल्या, एकीचा आकार दुसरीला नाही. तिथे व्यास मोजून काही हाती लागत नाही. यंत्रावरचं हे नाणं मात्र गंजूनही गोल गरगरीत राहिलं होतं. असल्या नाण्यांची रास घेऊन निघालेलं कंपनीचं ‘ॲडमिरल गार्डनर’ हे जहाज जानेवारी 1809 मध्ये वादळात गुडविन सँड्सवर फुटलं. ही घातकी रेती डीलच्या अगदी समोर आहे. 1980च्या दशकात पाणबुड्यांनी तिथून नाण्यांचे ढीगच्या ढीग वर काढले. आता तो अवशेष कायद्याने संरक्षित आहे. माझी चकती त्याच जहाजातली हे शपथेवर सांगता येणार नाही, पण मद्रासच्या पैशाने डीलच्या गोट्यांत यायला दुसरं कारण मला सुचेना.

फुटलेल्या जहाजातली वस्तू सापडली तर इथे 28 दिवसांच्या आत ‘रिसीव्हर ऑफ रेक’ या सरकारी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. 1995च्या मर्चंट शिपिंग ॲक्टची तशी तरतूद आहे. मी फोटो, मापं आणि जागा लिहून अर्ज पाठवला. किनाऱ्यावर भेटणाऱ्या एका जुन्या गड्याला सांगितलं, तर तो हसला. असली नाणी बाजारात इतकी आली आहेत म्हणे, की त्यांचं कुणाला अप्रूप नाही.

नसो. त्या रात्री ‘बहुधा पेनी’ लिहिलेली सगळी पाकिटं पुन्हा काढली आणि एकेक चकती आडव्या उजेडात धरली. साऱ्या पेन्याच निघाल्या. त्यातली एक पाचव्या जॉर्जची असल्याचं मात्र पक्कं झालं, आणि तिच्यापुरता तो ‘बहुधा’ मी खोडला.