राखलेला हात

डायलिसिसची वेळ येणार असे कळले की घरात आधी पैशांचा हिशेब होतो, मग रुग्णालय किती लांब ते पाहिले जाते, मग पथ्यपाणी. हाताच्या शिरेचा विचार सगळ्यात शेवटी होतो. माझ्या मते तो सगळ्यात आधी व्हायला हवा, आणि या उपचाराचा इतिहासच त्याला साक्ष आहे. विलेम कॉल्फ यांनी 1943 साली, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, सॉसेजच्या वेष्टनाची नळी फिरत्या ढोलावर गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड चालवले. तरीही ज्यांची मूत्रपिंडे कायमची गेली आहेत अशांना पुढची 17 वर्षे त्याचा फारसा उपयोग नव्हता. दर खेपेला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, आणि वाहिन्या तर मोजक्याच. यंत्र तयार होते. रक्तापर्यंत पोचायची वाट नव्हती. 1960 मध्ये सिअॅटलला बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी हातात कायमची बसवली आणि त्यांचे पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स त्यानंतर 11 वर्षे जगले. 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, सिमिनो आणि सहकाऱ्यांनी परकी नळीही नको म्हणून मनगटाजवळ धमनी थेट शिरेलाच जोडल्याचे प्रसिद्ध केले. हाच फिस्टुला.

यंत्राला मिनिटाला साधारण 300 मिलिलिटर रक्त लागते. साध्या शिरेतून तेवढे येत नाही. धमनीचा जोर मिळाला की ती फुगते, जाड होते, बोट ठेवले तर आत थरथर लागते, आणि मग वर्षानुवर्षे सुया सोसते. पण या पिकण्याला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. ज्याने डायलिसिसची वेळ येईपर्यंत वाट पाहिली, तो एखाद्या रात्री धाप लागून दाखल होतो आणि त्याच्या मानेत नळी घालावी लागते. नळीने जीव वाचतो, हे खरेच. जंतुसंसर्गाचा धोका मात्र फिस्टुल्याहून कितीतरी जास्त. आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास यंत्राशी जोडून घ्यायचे असेल, तर हा फरक किरकोळ नाही.

यावर लोक म्हणतात, आधीच फिस्टुला करणे म्हणजे दुखणे अंगावर ओढवून घेणे. हा आक्षेप अगदीच भाबडा नाही. काहींची मूत्रपिंडे अंदाजापेक्षा जास्त काळ टिकतात. काही वृद्धांच्या, मधुमेहींच्या शिरा पिकतच नाहीत. पोटातून होणारे डायलिसिस निवडणाऱ्याला फिस्टुला लागत नाही. म्हणून शस्त्रक्रिया केव्हा करायची, हे डॉक्टरांनीच ठरवावे. पण हात राखणे, म्हणजे त्याच्या शिरांना सुई लागू न देणे, ही वेगळी गोष्ट आहे. तिला शस्त्रक्रिया लागत नाही, पैसा लागत नाही, आणि डायलिसिस टळले तरी नुकसान शून्य. उलट तपासण्यांसाठी आणि सलाइनसाठी कोपरापर्यंतच्या शिरा टोचून टोचून निकामी झाल्या, तर उत्तम शल्यविशारदालाही जोडायला काही उरत नाही. पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा 2016 मध्ये झाली आणि जिल्हा रुग्णालयांत यंत्रे आली. शीर मात्र कोणत्याच योजनेतून मिळत नाही!

तेव्हा मूत्रपिंडे मंदावल्याने रक्तातले क्रिएटिनिन वाढत चालले असेल, तर ज्या हाताने लिहीत-जेवत नाही तो हात आजपासून राखा. रक्त घ्यायला सिस्टर आल्या की दुसरा हात पुढे करा, आणि शक्यतो पंजाच्या पाठीवरची शीर दाखवा.