वाशातले भुंगे

चैत्रात दुपारची जेवणं झाली की कोकणातलं घर आडवं होतं. माणसं, कुत्रं, मांजर, सगळी सावलीला. पडवीत तेवढा एकच जीव कामात असतो. वरच्या जुन्या वाशातून बारीक कुरकुर ऐकू येते आणि सारवलेल्या जमिनीवर पिवळसर भुसा झरत राहतो. वर पाहावं तर गिरमिटाने पाडल्यासारखं नेमकं, गोल भोक.

हे काळे भुंगे लाकूड खात नाहीत, नुसतं कोरतात. आणि कोरते ती मादीच. थोडं आत गेली की वळते आणि लाकडाच्या रेषेने बोगदा नेते. पराग आणि मधुरस कालवून गोळा ठेवायचा, त्यावर एक अंडं घालायचं, भुशाची भिंत लिंपायची, की पुढची खोली सुरू. राणी नाही, पोळं नाही, काढून घेण्याजोगा मधही नाही. माणसाला यांचा लळा नाही तो बहुधा म्हणूनच.

भीती मात्र भरपूर. भोकासमोर हवेत थबकून आपल्या तोंडाशी घोंगावतो तो बरेचदा नर. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाची तो चौकशी करतो, पण त्याला नांगीच नसते. मादीला असते, मुठीत धरलं नाही तर ती सहसा वापरत नाही.

ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात कोरडं लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकतो. मोहाचा दृष्टांत म्हणून ते ठीक; परसातल्या भुंग्याला अडकायला वेळ कुठे असतो! शेवगा, भोपळ्याचा वेल, कुंपणाची रुई, फेरी चालूच. वांग्याच्या फुलावर तर भुंगी ऐकावीच. त्या फुलातले पराग टोकाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतात, तेही फूल थरथरलं तरच नीट. भुंगी फुलाला कवटाळते, पंख मिटलेलेच ठेवून उडण्याचे स्नायू थरथरवते, आवाज एकदम चढतो आणि पराग तिच्या पोटावर सांडतात. मधमाशीला हे जमत नाही. तरी भुंगीला साध्वी ठरवायचं कारण नाही. लांब नळीचं फूल दिसलं की बुडाशी चीर पाडून ती रस चोरते आणि परागांच्या वाटेलाही जात नाही.

"भोकात घासलेट ओत नि वरून चिखल लिंप," शेजारचे अण्णा दरवर्षी बजावतात. "पडवी डोक्यावर येईल हो एक दिवस!" त्यांची काळजी खोटी नाही. जुन्याच बोगद्यात पुढच्या पिढ्या नांदतात, आणि वासा वर्षागणिक पोकळ होतो. पण घराचा भार तुळयांवर आहे, त्यांना तेलरंग दिलेला आहे, आणि रंगवलेल्या लाकडाला भुंगे शक्यतो तोंड लावत नाहीत. पडवीचा एक वासा बदलता येतो. वांग्याच्या फुलांशी थरथरणारं दुसरं कुणी बाजारात मिळत नाही.

पावसाआधी अंगणातला मांडव उतरवाल, तेव्हा सगळे बांबू बंबात घालू नका. भोक पडलेला एखादा असेल तर तो वळचणीला, पागोळ्या लागणार नाहीत अशा बेताने आडवा बांधून ठेवा.