वेठीचा डेरा आणि धम्माचा तंबू

वैशाख पौर्णिमा आठ-दहा दिवसांवर आली की आमच्या लोह्याच्या घरी माळ्यावरून कॅनव्हासचा जुना तंबू खाली उतरतो. वस्तीतील लेकरांचे पाच दिवसांचे धम्म शिबिर विहारामागच्या मोकळ्या जागेत भरते. विहार लहान आहे, सगळी लेकरे त्यात मावत नाहीत, म्हणून तंबू. तंबूबरोबर दाराआड टांगलेली बाभळीची मोगरीही बाहेर निघते. ही मोगरी आमच्या आजोबांची. तिच्यावरून आमच्या घरात एकदा मोठे भांडण झाले होते. ते भांडण कसे मिटले हे आपल्या वाचकांना सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आजोबांचा काळ निजामाचा. तेव्हा लोहा कंधार तालुक्यात होते. थंडी पडू लागली की अंमलदारांचे दौरे निघत. दौरा सरकारी कामाचा. पण बालाघाटच्या डोंगरात काळवीट आणि रानडुक्कर असल्यामुळे शिकारही त्याच दौऱ्यात उरकली जाई. साहेब यायच्या आदल्या दिवशी बैलगाड्यांतून डेरे येत. पाटलाचा निरोप आला की महारवाड्यातील माणसे हातातले काम टाकून निघत. स्वतःच्या घरी दाणा नसला तरी जावे लागे. मजुरी मागायची सोय नव्हती. तिला वेठ म्हणत.

डेरा कसा उभा करायचा हे आजोबा फार बारकाईने सांगत. आधी जागा पाहायची. पाणी जवळ हवे, पण ओढ्याचे पात्र नको. झाडाची सावली हवी, पण वाळलेल्या फांदीखाली नको. जमीन किंचित उंच हवी, म्हणजे पाणी आत शिरत नाही. दार वाऱ्याच्या तोंडाला ठेवायचे नाही. मग कापड पसरून, दार बांधून घेऊन, चार कोपऱ्यांच्या मेखा आधी ठोकायच्या. त्यानंतर दोन खांब आणि त्यांवरचे आढे आत घालून ते एकदम उचलायचे. समोरासमोरचे तणावे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी ओढायचे, नाहीतर डेरा एका अंगावर कलतो. कनाती सगळ्यात शेवटी लावायच्या.

डेरा उभा झाला तरी काम संपत नसे. सुती दोर दवाने भिजला की आखडतो आणि मेख उपटून काढतो. म्हणून दिवस मावळताना तणावे ढिले करायचे आणि ऊन चढल्यावर पुन्हा ताणायचे. कुणीतरी रात्रभर थंडीत बाहेर बसून राही. दुसऱ्या दिवशी याच माणसांना हाका घालायला रानात पिटाळत. डबे बडवत, आरोळ्या देत जनावर बंदुकीपुढे आणून सोडायचे. जनावर उलटले तर पहिला धोका हाका घालणाऱ्यालाच.

आजोबा एक गोष्ट नेहमी सांगत. म्हणत, "डेरा हुबा करताना आमी आत. हुबा झाला की आमी भाईर." ज्या हातांनी खांब धरला, त्या हातांचा मग कनातीलाही स्पर्श चालत नसे.

सहाव्या निजामाच्या शिकारीच्या तळांची छायाचित्रे लाला दीनदयाळ यांनी काढलेली आहेत. ती आजही पुस्तकांतून पाहायला मिळतात. तंबू दिसतात, साहेब दिसतात, पुढ्यात टाकलेला वाघ दिसतो. मेखा कुणी ठोकल्या, ते मात्र त्या चित्रांवरून कळत नाही.

ब्रिटिश मुलखात बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाच्या सुधारणेचे बिल मांडले आणि गावकीच्या या गुलामीला तोंड फोडले. आम्ही पडलो निजामाच्या मुलखात. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य गेले. २६ जानेवारी १९५० पासून बाबासाहेबांनी घडवलेली घटना अमलात आली आणि तिच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी घातली. आजोबांना कलमाचा आकडा ठाऊक नव्हता. पुढच्या वेळी निरोप आला तेव्हा ते "येत न्हाई" एवढेच म्हणाले आणि दारातच बसून राहिले. ते दोन शब्द बोलायला त्यांना किती बळ लागले असेल, ते आम्हांला मोठेपणी कळले.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या घरातील जुने देव गेले. मोगरी राहिली. ती साहेबाची नव्हती. आजोबांनी ती स्वतः तासली होती.

आता भांडणाची गोष्ट. आम्ही तिघे भाऊ-बहीण. १९९३ च्या उन्हाळ्यात आमच्यातला धाकटा कॉलेजच्या सुट्टीत घरी आला होता. त्याने मोगरी काढली आणि चुलीपाशी नेऊन टाकली. म्हणाला, "ही गुलामीची खूण आहे. बाबासाहेबांनी असली कामं सोडायला सांगितली आणि आपण ती भिंतीला टांगून ठेवलीय!" त्याचे म्हणणे आम्हां दोघांनाही पटत होते. दादा, म्हणजे आमचे वडील, काही बोलले नाहीत. माय मात्र उठली. मोगरी पदराने पुसून तिने जागेवर लावली आणि म्हणाली, "वेठ वाईट व्हती लेकरा. तुज्या आज्याचा हात वाईट नव्हता." त्यावर धाकटा दोन दिवस घरात जेवला नाही.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून माणसे नुकतीच झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे झोपेतल्या माणसांवर आले. हजारो माणसे गेली. हादरा आम्हांलाही बसला होता. वस्तीतली काही माणसे मदतीला निघाली, त्यांत दादा होते. निघताना त्यांनी मोगरी पिशवीत घातली. धाकटाही बरोबर गेला.

तिथे पाऊस चालू होता. तंबू येऊन पडले होते, पण लावणारे हात कमी होते. दादांनी आजोबांकडून ऐकलेले सगळे तिथे कामी आणले. काळ्या ओल्या मातीत आखूड मेख टिकत नाही, म्हणून लांब मेखा तासल्या आणि त्यांवर पडक्या घरांचे दगड ठेवले. ढिगाऱ्यांचे दगड उचलताना धाकट्याचे हात थरथरत होते, असे दादा नंतर म्हणाले. एका ठिकाणी एक म्हातारे गृहस्थ न सांगता पुढे आले आणि तणावा धरून उभे राहिले. बोलण्यावरून मोठ्या वाड्यातले वाटले. त्यांनी विचारले, "तुम्ही कोण, कुठले?" दादा म्हणाले, "लोह्याचे. आम्ही बौद्ध." ते मान हलवून म्हणाले, "बरं झालं आलात." दोर त्यांनी सोडला नाही. तंबू उभा झाल्यावर त्यांच्या घरच्या बाईने दादांना आत बोलावले आणि जमिनीवर पोते अंथरून बसायला दिले.

आठ दिवसांनी दोघे परत आले. धाकट्याने मोगरी स्वतः धुतली आणि खिळ्याला लावली. भांडणाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. काम तेच होते, मेख तीच होती. आजोबांना ते करायला लावले होते. दादा आपल्या मनाने गेले होते. हा फरक धाकट्याला आमच्या सांगण्याने कळला नसता.

शिबिराचा तंबू आम्ही २००६ साली वर्गणी काढून नांदेडहून जुना घेतला. पहिल्याच वर्षी आमची फजिती झाली. आम्ही शिकलेले, नोकरीला लागलेले. दादांना काय विचारायचे, असे वाटले. सपाट दिसली म्हणून खोलगट जागा धरली. चर खणला नाही. दोर दिवसा ताणले तसेच रात्री ठेवले. तिसऱ्या रात्री वळवाचा पाऊस आला. दोर भिजून आखडले, दोन मेखा उपटल्या आणि आढे खाली आले. आत झोपलेली लेकरे रडू लागली. एका मुलीच्या खांद्याला खरचटले. बाकी कुणाला इजा झाली नाही, एवढेच नशीब. दादा अंधारात मोगरी घेऊन धावत आले. आधी लेकरे विहारात नेली, मग म्हणाले, "दोर कुणी ढिले केले नव्हते व्हय?" आम्ही खाली मान घातली.

दुसऱ्या दिवशी दादांनी सगळ्यांसमोर तंबू पुन्हा उभा केला आणि एकेकाकडून करून घेतला. त्यांनी शिकवलेले इतर वस्त्यांनाही उपयोगी पडेल. मेख सरळ ठोकू नये. तिचे डोके तंबूपासून लांब झुकलेले हवे. भोवती वीतभर चर खणून पाण्याला उताराकडे वाट द्यावी. पावसात आतून कापडाला हात किंवा अंथरूण टेकू देऊ नये. जिथे टेकेल तिथून गळायला लागते. तंबू ओला असताना कधीच घडी घालू नये, बुरशी कापड खाते. उन्हात वाळवून, घड्यांत वाळका कडुनिंबाचा पाला घालून ठेवावा. आमचा तंबू त्यामुळेच इतकी वर्षे टिकला आहे.

मंडप आपल्या चळवळीला नवा नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या सत्याग्रह परिषदेला मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. त्या मंडपातही कुणाच्या तरी हातांनी खांब रोवलेच असतील. ते हात वेठीचे नव्हते.

दादा २०१९ साली गेले. आता शिबिराच्या पहिल्या दिवशी मोगरी लेकरांच्या हाती देतो, मुलींच्या आधी. तंबू उभा झाला की सर्वांनी आत बसायचे, हा आमचा नियम आहे. त्रिसरण-पंचशील झाले की लेकरांना सारनाथच्या मृगदावाची माहिती सांगतो. हरणे जिथे निर्भय फिरत, तिथे तथागतांनी पहिले प्रवचन दिले. १९७२ च्या कायद्याने आज काळवीट मारणे गुन्हा आहे, आणि आपल्याला तर पहिले शीलच तसे सांगते. मग आजोबांच्या डेऱ्याची गोष्ट निघते. गेल्या खेपेला एका चिमुरडीने विचारले, "मग आजोबा कुठं झोपायचे?" आम्ही सांगितले, "बाहेर, दवात." ती थोडा वेळ गप्प बसली आणि आपली सतरंजी सरकवून शेजारच्या मुलीला जागा करून दिली.

आपल्याही घरात असे एखादे जुने हत्यार असेल. सुंभाचा पिळा असेल, कुऱ्हाड असेल. ते लाजेने फेकून देण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. ते कुणाचे, त्याने काय काम केले आणि कुणाच्या हुकमाने केले, हे विचारा आणि लिहून ठेवा. जय भीम!