आईला समुद्र दाखवताना

रत्नागिरी–नागपूर महामार्ग आमच्या औशावरून जातो. एका बाजूला लातूर, नांदेड. दुसऱ्या बाजूला तुळजापूर, सोलापूर आणि अखेरीस समुद्र. आईचे सारे आयुष्य या रस्त्याच्या काठी गेले, पण त्याचे पश्चिमेकडचे टोक तिने पाहिले नव्हते. तिला एकोणऐंशीवे वर्ष लागले, तेव्हा आम्ही गणपतीपुळ्याला जाण्याचा बेत केला. ती म्हणाली, “मी काही येत नाही बाबा. तुम्ही जाऊन या.”

घरातील वृद्धांचा असा नकार आपण बहुधा शब्दशः घेतो आणि मनातून थोडे सुटल्यासारखेही वाटून घेतो. दोन दिवसांनी खरे कारण तिने सुनेजवळ सांगितले. रक्तदाबासाठी तिला रोज सकाळी लघवी वाढवणारी गोळी घ्यावी लागते. वाटेत सारखी गाडी थांबवायला सांगण्याचा तिला संकोच होता. मागे पंढरपूरला जाताना तिने आदल्या रात्रीपासून पाणीच तोडले होते आणि गाडीतून उतरताना तिला भोवळ आली होती. आम्ही दोष उन्हाला दिला होता.

मग जुना आराखडा पुन्हा काढून पाहिला. एका दिवसात सुमारे पाचशे किलोमीटर, पुढच्या दोन दिवसांत पाच ठिकाणे. तो आमचा प्रवास होता. त्यात आई केवळ सामानासारखी ठेवली होती. नवा आराखडा तिला समोर बसवून केला. पहिला प्रश्न एकच: “तुला काय पाहायचे आहे?” ती म्हणाली, “गणपती. आणि पाण्यात पाय.”

आधी डॉक्टरांकडे गेलो. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही आणि पाणीही तोडायचे नाही. प्रवासाच्या दिवशी गोळीची वेळ बदलता येते, ती कशी हे त्यांनी लिहून दिले. घाटात मळमळ होऊ नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांबद्दलही विचारले. उतारवयात त्यांपैकी काहींनी गुंगी येते, मन गोंधळते, लघवी अडते; म्हणून त्या विचारल्याशिवाय देऊ नयेत. रोजच्या औषधांचे दोन संच करून दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवले. ज्यांना इन्सुलिन लागते त्यांनी ते डिकीच्या उष्णतेत किंवा थेट बर्फावर ठेवू नये.

मुक्काम कोल्हापूरला धरून प्रवास दोन दिवसांत वाटला. दर दोन तासांनी थांबायचे ठरवले. त्यामुळे स्वच्छतागृहाची सोय तर होतेच, पण चार पावले चालल्याने पायांत रक्त साकळण्याची भीतीही कमी होते. थांबण्याची सूचना नेहमी आम्हीच करायची, म्हणजे आईला ती करावी लागत नाही. सोलापूर, मंगळवेढा, सांगोला मागे पडले. मिरजेला आईने स्वतःहून पाणी मागितले आणि तांब्याभर प्यायली. २०१६ च्या एप्रिलमध्ये याच मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले होते, याची आठवणही तिनेच करून दिली.

दिवस निवडताना दोन गोष्टी पाहिल्या. कॅरिबियन बेटांवर सुटीला जाणारी कुटुंबे जून ते नोव्हेंबर हा तिकडचा चक्रीवादळांचा काळ आधी पाहतात. आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर टाळावा. आणि गणपतीपुळ्यासाठी पंचांगही पाहावे. अंगारकीला व माघी चतुर्थीला तेथे उभे राहायला जागा नसते. आम्ही जानेवारीतले साधे मंगळवार-बुधवार टाळून गुरुवार-शुक्रवार घेतले. खोली ठरवताना तळमजला, कमोड, न्हाणीघरात धरायला दांडी आणि दारापर्यंत गाडी, एवढे फोनवर विचारून घेतले. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपापासून आईला वरच्या मजल्यावर झोप लागत नाही, हेही तळमजल्याचे एक कारण होते.

औसा पाचशे मीटरहून अधिक उंचीवरच्या कोरड्या पठारावर आहे. आंबा घाट उतरल्यावर हवा दमट होते, घाम वाळत नाही आणि शरीर निवत नाही. म्हणून दुपार खोलीत काढली. सकाळी दर्शन घेतले. तेथे टेकडीलाच गणपतीचे रूप मानतात, त्यामुळे प्रदक्षिणा टेकडीभोवती, सुमारे एक किलोमीटरची असते. आईने ती आमच्याकडून करवून घेतली आणि स्वतः सभामंडपात बसून राहिली.

संध्याकाळी ओहोटी होती. भरतीच्या वेळा रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात, म्हणून त्या आधीच विचारून ठेवल्या होत्या. ओहोटीत भिजलेली, घट्ट वाळू मोकळी होते व चालणे सोपे जाते. येथील समुद्र फसवा आहे. तळ लवकर खोल होतो आणि परतणाऱ्या लाटेला ओढ असते. ती लाट पायाखालची वाळू नेते, तेव्हा तरुणाचाही तोल जातो. म्हणून आम्ही आईला उभे केलेच नाही. प्लास्टिकची खुर्ची नेली, पाय रुतू नयेत म्हणून खाली फळी ठेवली, आणि लाट जेथे जेमतेम पोचत होती तेथे तिला बसवले. चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर चाकाच्या खुर्च्यांसाठी २०२२ मध्ये लाकडी मार्ग केला गेला. तसे मार्ग आपल्या किनाऱ्यांवरही व्हायला हवेत. तोवर फळीवर भागवावे लागते.

एक जण आईजवळ आणि दुसरा मोकळा, असा क्रम आम्ही दोघांनी ठेवला होता. सांभाळणाऱ्यालाही सुटी लागते. थकलेला माणूस चिडतो, आणि त्याची चीड वृद्धाला आपलाच दोष वाटते.

फेस घोट्यापर्यंत आला आणि परत गेला. आईने लुगडे थोडे वर धरले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “एवढं पाणी, आणि हे सगळं खारट!” आणि हसली. वीस मिनिटांत सूर्य मावळला. पाचपैकी एकच ठिकाण झाले होते, पण परतीच्या वाटेवर ती सुनेला विचारत होती, “पुढच्या वर्षी कुठं न्यायचं म्हणता?”