पस्तीस चौकोन, एक काठ

स्मरणिकेसाठी आमच्या तुकडीने काही लिहावे असा निरोप आला, तेव्हा आम्हा मैत्रिणींपैकी प्रत्येकीला वेगळेच काही आठवले. कुणाला पहाटेची बुद्धवंदना, कुणाला पाण्याच्या टाकीवरची रांग, कुणाला घरच्या पत्राची वाट पाहणे. एका वस्तूवर मात्र सर्वांचे एकमत झाले. ती वस्तू म्हणजे वसतिगृहाच्या रुग्णखोलीसाठी नववीत असताना आम्ही विणलेले लोकरीचे ब्लँकेट. त्याच्या काठावरून आम्ही चार संध्याकाळी वाद घातला होता.

कार्यानुभवाच्या बाईंनी प्रत्येकीला 9 नंबरच्या सुयांवर 48 टाके घालून आठ इंचांचा एक चौकोन विणायला सांगितले होते. आम्ही 35 जणी होतो. पाच चौकोन रुंदीला आणि सात लांबीला, असा हिशेब होता. टाके सर्वांचे सारखे असले तरी हात सारखे नव्हते. एकीची वीण घट्ट, तिचा चौकोन आखडलेला. दुसरीची सैल, तिचा पसरलेला. शिवाय एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा विणीच्या कडा आपोआप गुंडाळतात. चौकोन जोडून झाल्यावर ब्लँकेट चटईवर पसरले, तर त्याच्या चारही बाजू सुकलेल्या पानासारख्या वळल्या होत्या. काठ लावणे आवश्यकच होते. प्रश्न होता, कोणता?

काहींना क्रोशाची पांढरी, शिंपल्यांची नक्षी हवी होती. काहींनी धम्मध्वजाचे पाच रंग सुचवले : निळा, पिवळा, तांबडा, पांढरा आणि केशरी. 1885 साली कोलंबोत प्रथम फडकलेला हा ध्वज आम्हाला इतिहासाच्या पुस्तकापेक्षा विहाराच्या शिखरावरूनच अधिक परिचयाचा होता. ही कल्पना बहुतेकींना आवडलीही. तेव्हा आमच्यातील एक शांतपणे म्हणाली, ‘‘तापातली मुलगी ब्लँकेट पायाखाली घेईल, त्यावर औषध सांडेल. ध्वजाचे रंग तिथे शोभतील का?’’ यावर दोन संध्याकाळी गेल्या. रंग पुसले तरी शील पुसत नाही, असे एका गटाचे म्हणणे. आदर वस्तूच्या वापरातही दिसला पाहिजे, असे दुसऱ्याचे.

अखेर आम्ही भंतेजींकडे गेलो. त्यांनी निर्णय दिला नाही. विनयपिटकातील एक प्रसंग सांगितला. चारिकेवर असताना भगवंतांनी मगधातील शेते पाहिली. बांधांनी आखलेली ती शेते दाखवून, भिक्खूंसाठी असे चीवर करता येईल का, असे त्यांनी आनंदांना विचारले. आनंदांनी तुकडे जोडून तसे चीवर सिद्ध केले. भंतेजींनी आपल्या चीवराचे जोड आम्हाला बोटाने दाखवले आणि म्हणाले, ‘‘बांध शेतासाठी असतो, हे ध्यानात ठेवा म्हणजे झाले.’’

बाईंनी मग हिशेब मांडला. चार बाजू मिळून काठाची लांबी 16 फूट. शिंपल्यांची नक्षी एवढ्या लांबीवर सुंदर दिसली असती. पण वळणाऱ्या कडेला तिने पुरेसा आधार दिला नसता, आणि लहान मुलींची बोटे तिच्या छिद्रांत अडकली असती. आमच्यापाशी निळ्या लोकरीच्या चार गुंड्या उरल्या होत्या. दोन बोटे रुंद, सर्व ओळी सुलट विणीच्या, असा साधा निळा काठ ठरला. ही वीण वळत नाही, सपाट राहते. उभ्या कडेवरून दर चार ओळींमागे तीनच टाके उचलायचे. जास्त उचलले तर झालर होते, कमी उचलले तर कड आवळते. एका आड एका ओळीत दोन्ही टोकांना एकेक टाका वाढवायचा, म्हणजे कोपरे तिरपे जुळतात. आखडलेले आणि पसरलेले सगळे चौकोन त्या काठाने एका रेषेत आणले.

पस्तिसाव्या चौकोनाविषयी सांगायचे राहिले. तो आमच्या एका मैत्रिणीचा होता. दिवाळीनंतर तिचे आई-वडील कोयत्यावर निघाले. धाकट्या भावंडांना सांभाळायला कोपीवर कोणी नव्हते, म्हणून तिलाही नेले. सुईवर अर्धा चौकोन राहिला. तो उसवून लोकर वापरावी, असेही कुणी सुचवले. बाईंनी नकार दिला. आम्ही तिचे टाके तसेच ठेवून पुढचा भाग पिवळ्या लोकरीने पूर्ण केला. तिचा हात कुठे थांबला, हे त्यामुळे आजही दिसते.

त्या वेळी आम्हाला स्वतःचे फार कौतुक वाटले होते. आज लिहिताना मात्र एक गोष्ट टोचते. काठाविषयी आम्ही चार संध्याकाळी बोललो. तिला परत कसे आणावे, याविषयी एकही संध्याकाळ बोललो नाही. तिच्या गावचा पत्ता वर्गाच्या हजेरीपटात होता. 34 जणींपैकी एकीनेही साधे पोस्टकार्ड टाकले नाही. हंगाम संपला, उन्हाळा गेला, दहावीचे वर्ग सुरू झाले. ती आली नाही. तिचा चौकोन आम्ही सांभाळला, आणि तेवढ्यावर आमचे कर्तव्य संपले, असे समजलो.

आमच्या तुकडीने आता एक ठरवले आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर जी मुलगी वसतिगृहात परतणार नाही, तिचे नाव अधीक्षिका ताईंनी आम्हाला कळवावे. आमच्यापैकी दोघी तिच्या घरी, नाहीतर थेट कोपीवर जाऊन तिच्या आई-वडिलांशी बोलतील. भावंडांची सोय लावण्यासाठी जो खर्च येईल, तो आम्ही वाटून घेऊ. इतर तुकड्यांतील ताई-दादांनीही यात सहभागी व्हावे, ही नम्र विनंती.

ब्लँकेट अजून रुग्णखोलीत आहे. निळा रंग विटला आहे, एक कोपरा दोनदा शिवला आहे. काठ मात्र सरळ आहे.

सर्वांना सविनय जय भीम.